आबांच्या मोबाईलवर न आलेली बातमी

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

तीस वर्षं मी अमळनेरात पेपर टाकले. पहाटे गठ्ठा सुटला की सगळ्यांच्या दारात पहिलं पान तेच पडायचं. आता गिऱ्हाइकं बातम्या मोबाईलवर बघतात, आणि ज्याचं त्याचं पहिलं पान वेगळं. कापसाच्या भावासाठी तहसीलवर धरणं झालं, ती बातमी मला दिवसभर दिसत होती. शेजारचे आबा म्हणाले, "मन्हा मोबाईलवर ती उनीच नही." आम्हा दोघांचीही कपाशीच आहे. कुणी मुद्दाम दाबली, असा आरोप मी करत नाही. पण ती का आली नाही, हे आबांनी विचारायचं कुणाला?

आणीबाणीत, 28 जून 1975 ला, इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती बघून वाचकाला सेन्सॉर कळला. मोबाईलवर जागा कोरी राहतच नाही. एक बातमी गेली की तिथे दुसरी येऊन बसते.

रशियाने 2016 साली कायदा केला. दिवसाला 10 लाखांहून जास्त वाचक असलेली, बातम्या गोळा करून दाखवणारी सेवा त्या बातम्यांना जबाबदार. बातमी सरकारकडे नोंदलेल्या माध्यमाची असेल तर मात्र माफी. तिथल्या यांडेक्स या सर्च कंपनीने मग नोंदणीवाल्यांच्याच बातम्या घेतल्या. कुणाला कुठली बातमी आधी दाखवायची हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमला हात लावायची गरजच उरली नाही. चक्कीत दाणे कुठले टाकायचे ते ठरलं, की पीठही ठरलं.

चीनने 1 मार्च 2022 पासून अल्गोरिदमच्या शिफारशी बंद करायची सोय वाचकाला दिली, आणि त्याच नियमांत 'मुख्य प्रवाहातली मूल्यं' पुढे आणायची सक्तीही केली. म्हणून नुसत्या बटणावर माझं समाधान होणार नाही. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये आहे तसं, आमची वैयक्तिक माहिती न वापरता लावलेला क्रम निवडता यावा, आणि क्रम कशावरून लागतो ते कंपनीने मराठीत सांगावं.

केंद्राच्या कारभाराबद्दलची कुठली बातमी खोटी हे केंद्राचाच कक्ष ठरवणार, असा 2023 चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला. तो दुसऱ्या नावाने परत आणू नका. आणि 2009 च्या ब्लॉकिंग नियमांतला 16 वा नियम मजकूर अडवण्याचे आदेश गोपनीय ठेवायला सांगतो, तो बदला. आदेश उघड झाले, तर कोरी जागा कुठे आहे एवढं तरी आबांना दिसेल.

आपला,
एक जुना पेपरवाला
अमळनेर, जि. जळगाव