बोकडांच्या गोठ्यासाठी जागा पाहताना

दहिवडी,
२० एप्रिल २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दोनशे बोकड घेऊन, त्यांना तीन-चार महिने बंदिस्त गोठ्यात चांगले खाऊ घालून बकरी ईदच्या बाजारात विकण्याचा तुझा विचार मला मनापासून पटला. परंतु त्यासाठी ओढ्याकाठच्या काळ्या रानाचा इसार येत्या आठवड्यात देणार आहेस, हे वाचल्यापासून मला चैन नाही. तो इसार तू आत्ता देऊ नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे फोनवर नीट सांगता येणार नाहीत म्हणून लिहितो आहे.

माझा पहिला गोठा अशाच जागी होता, हे तुला ठाऊक आहे; तिथे नेमके काय झाले, ते मात्र मी तुला पूर्ण कधी सांगितले नाही. रान सपाट होते, डांबरी रस्त्याला लागून होते, विहीर हाकेच्या अंतरावर होती, आणि माणदेशात पाऊस तो कितीसा, म्हणून पाण्याच्या निचऱ्याचा विचार मी केलाच नाही. पण आपल्याकडचा पाऊस थोडा असला तरी तो परतीच्या चार-दोन रात्रींत एकदम कोसळतो. त्या सप्टेंबरात ओढा गोठ्यात आला नाही, नुसते रानातले पाणी रानातच राहिले, आणि तेवढ्यानेच सगळे बिघडले. काळ्या मातीतली ओल पंधरा-पंधरा दिवस हटेना, लेंड्या आणि मूत्र मिसळून घोट्याएवढा चिखल झाला, बोकडांच्या खुरांत कूज झाली आणि करडांना रक्ती हगवण लागली. सतरा करडे गेली. पुढच्या उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळली, तेव्हा गव्हाणीचा ओटा मधोमध तडकला आणि दोन खांब कलले. याहून मोठे दुःख म्हणजे खताच्या ढिगाचे पाणी शेजाऱ्यांच्या विहिरीत उतरले. त्यांच्या घरात तेच पाणी प्यायला होते. मी विहीर उपसून दिली, त्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, तरीही ती गोष्ट माझ्या मनातून आजवर गेलेली नाही.

म्हणून तू ज्या जागेचा उल्लेख एका ओळीत करून सोडून दिलास, त्या वरच्या अंगाच्या मुरमाड रानाकडे मी तुझे लक्ष वेधतो. पीक येत नाही म्हणून ते स्वस्त आहे. गोठ्याला पीक घ्यायचे नसते. गवंड्याची पाण्याची नळी लावून त्याचा उतार मोज. शंभर फुटांना दोन ते चार फूट उतार असेल तर पाणी आपोआप निघून जाते. त्याहून फार जास्त असेल तर मुरूम धुपून घळी पडतात. मात्र मुरूम दिसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण आपल्या भागात त्याच्या खाली फुटलेला खडक असतो आणि त्याच्या भेगांतून घाण पाणी थेट विहिरीपर्यंत जाऊ शकते. गोठ्यातला मुरूम पाणी मारून, धुम्मसाने ठोकून चांगला घट्ट करून घे, खताचा खड्डा उताराच्या खालच्या टोकाला, तळ बांधून काढलेला असा कर, आणि विहीर कोणाचीही असो, ती या सगळ्याच्या वरच्या अंगाला आणि लांब असली पाहिजे.

वाऱ्याचेही पाहा. लेंड्यांचा वास खरा सुटतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा वारे पश्चिमेकडून येतात. तुमची वस्ती त्या रानाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे वास घरांकडे न येता माळाकडे जाईल. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवता येईल एवढी रुंद पट्टी तिथे सापडते का, तेही मोजून घे, म्हणजे वैशाखातले ऊन आत शिरणार नाही.

पाण्याबाबत तू लिहितोस की, दिवाळीत विहीर तुडुंब होती. दिवाळीत सर्वांच्याच विहिरी भरलेल्या असतात. बकरी ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२० साली ती १ ऑगस्टला होती, यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि पुढची तीन वर्षे ती मे महिन्यात येईल. म्हणजे बोकड सर्वांत जास्त खाणार-पिणार ते फेब्रुवारीपासून मेपर्यंत, नेमके पाणी आटण्याच्या दिवसांत. उन्हाळ्यात एका बोकडाला रोज पाच-सहा लिटर पाणी धर. दोनशेंना हजार-बाराशे लिटर झाले, धुण्या-पुसण्याचे वेगळे. तेवढे टँकरनेही भागवता येते, पण मेथी घास आणि मका टँकरवर पिकत नाहीत. गोठा माळावर असला तरी चाऱ्याचे एकरभर तरी बागायती रान जवळ हवे, आणि त्यासाठी ते ओढ्याकाठचे काळे रान खंडाने मिळाले तर उत्तमच आहे.

रस्त्याची तुझी अडचण खरी आहे. मुंबईला देवनारच्या बकरा बाजारात जाणारा ट्रक माळापर्यंत पोहोचला नाही, तर ऐन विक्रीच्या दिवसांत बोकड चालवत खाली आणावे लागतील आणि त्यांचे वजन तुटेल. परंतु अगदी रस्त्यालगत गोठा असणेही मला नको वाटते, कारण दसरा-दिवाळीनंतर चाऱ्यासाठी निघणाऱ्या मेंढ्यांचे कळप त्याच रस्त्याने जातात आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) किंवा देवी यांसारखा आजार असल्या संपर्कातून सहज येतो. दोन-तीनशे फूट आत असावे. मात्र त्या आतल्या वाटेचा हक्क कागदावर पाहिजे. आज शेजारी बांधावरून जाऊ देतात, उद्या त्यांच्या मुलांत वाटण्या होतील, तेव्हा तहसीलदारांकडे अर्ज करत बसण्यापेक्षा खरेदीच्या वेळीच शेजाऱ्यांच्या सहीनिशी वाट दस्तात नोंदवून घे.

मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्याकडे येतो. तेव्हा विहिरीत दोरी सोडून पाणी किती उरले ते पाहू, आणि जूनमधला पहिला मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रानांतून अनवाणी चालून येऊ. तोवर मालकांकडून दोन्ही गटांचे सातबारे आणि नकाशे मागवून ठेव. वहिनींना व काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना सोबती