चि. अमेयास, व्हिएन्नाच्या सहलीविषयी

मिरज

चि. अमेय यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ईस्टरच्या सुट्टीत व्हिएन्नाला जाण्याचा बेत आणि सोबत जोडलेली यादी मिळाली. चार दिवसांत एकोणीस ठिकाणे, आणि त्यातच रविवारी शेजारच्या स्लोव्हाकियातले ब्रातिस्लाव्हा, असे तू लिहिले आहेस. या दोन राजधान्यांमध्ये जेमतेम साठ किलोमीटरचे अंतर आहे आणि रेल्वेने तासाभरात पोहोचता येते, हे मी नकाशात पाहिले. तरीही ब्रातिस्लाव्हा या वेळी खोडून टाक, असे मला मनापासून वाटते. शुक्रवारची सकाळ जाण्यात आणि सोमवारची दुपार परतण्यात गेली की तुझ्या हाती धड तीन दिवस उरतात. त्यातला एक दुसऱ्या शहराला दिला, तर दोन्हीकडे नुसते पाय लावून आल्यासारखे होईल. तू म्युनिकला आणखी दोन वर्षे आहेस. ब्रातिस्लाव्हा तेवढ्या काळात कुठे पळून जात नाही.

म्युनिकहून व्हिएन्नाला रेल्वेने साधारण चार तास लागतात. तिकडे तिकीट आणि आसनाचे आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तूच मला मागे सांगितले होतेस. सुट्टीच्या शुक्रवारी गाडीला किती गर्दी असेल याचा विचार करून दोन्ही आजच करून ठेव. सवलतीचे तिकीट त्याच गाडीपुरते चालते, तेव्हा उशीर करू नकोस. पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड दोन्ही बरोबर ठेव, कारण ऑस्ट्रियातून जर्मनीत परत येताना गाडीत पोलीस तपासणी होते. विम्याचे कार्ड पाकिटातच असू दे.

तुझ्या यादीत एक गोष्ट निसटली आहे. गुड फ्रायडे जर्मनीत सुट्टीचा दिवस आहे, ऑस्ट्रियात ती सार्वजनिक सुट्टी नाही. ईस्टरचा सोमवार मात्र दोन्हीकडे सुट्टीचाच. म्हणजे तू पोहोचशील त्या शुक्रवारी तिथली दुकाने उघडी असतील आणि रविवार-सोमवार दोन्ही दिवस बंद. दूध, पाव, फळे काय लागेल ते शनिवारी संध्याकाळपर्यंत खोलीवर आणून ठेव. तू नाशमार्क्टचा बाजार रविवारी लिहिला आहेस, तो रविवारी नसतो. शुक्रवारी दुपारी जा. तिथून फ्रायुंगच्या चौकात जाता येईल. ईस्टरच्या आधी तिथे रंगवलेल्या अंड्यांचा बाजार भरतो आणि मांडण्यांवर हजारो अंडी एकाला एक लागून ठेवलेली असतात. शोनब्रुन राजवाड्याच्या तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते, म्हणून ते आधी घ्यावे लागेल. रविवारी सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नकोस. 1873 पासून त्या शहराला आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी नळाने येते आणि तिथले लोक तेच पितात.

शनिवार मात्र माझ्यासाठी मोकळा ठेव, ही विनंती आहे. तुला आठवते का, आमच्या वॉर्डात नर्सिंग स्टेशनच्या मागच्या भिंतीवर एका औषध कंपनीच्या दिनदर्शिकेचे पान चिकटवलेले होते? वर्ष कधीच सरले होते, पण चित्र कुणाला काढवेना. बर्फातून तीन शिकारी पाठमोरे चालले आहेत, मागे माना टाकलेली कुत्री आहेत, आणि तिघांच्या पदरात एवढ्या थंडीत मिळून एकच कोल्हा पडला आहे. डावीकडे विस्तव पेटवला आहे, खाली गोठलेल्या तळ्यांवर माणसे खेळत आहेत, आणि एका लहानशा पुलावरून लाकडांची मोळी घेऊन कोणीतरी जात आहे. रात्रपाळीला तीन वाजता वॉर्ड शांत झाला की मी त्या मोळीकडे पाहत बसायची. ते ब्रॉयगलचे 1565 मधले चित्र आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले, आणि मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे हेही. त्याच दालनात त्याचे 1563 चे ‘बाबेलचा मनोरा’ हे चित्रही आहे. ते संग्रहालय एरवी सोमवारी बंद असते, म्हणून शनिवारी सकाळी दार उघडताच जा. बाकीची दालने राहिली तरी चालतील, पण त्या चित्रासमोर दहा मिनिटे उभा राहा आणि पुलावरची ती आकृती मूळ रंगांत कशी दिसते ते मला लिही. आमच्या पानावर तिथेच ओल येऊन डाग पडला होता.

दुपारी शोटेनटोरहून 43 क्रमांकाच्या ट्रामने आल्सर रस्त्यावर जा. तिथे सम्राट दुसऱ्या योसेफने 1784 मध्ये उघडलेल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या जुन्या इमारती आहेत. आता तिथे विद्यापीठ आहे, आणि झाडांची मोठी अंगणे कोणालाही खुली असतात. तुझ्या यादीत हे ठिकाण नाही, कुणाच्याच यादीत ते नसते. त्या रुग्णालयात दोन प्रसूतिगृहे होती, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचे, दुसरे सुइणींचे. पहिल्यात बाळंतज्वराने इतक्या बायका दगावत की तिथे दाखल करू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून एक सहकारी डॉक्टर वारला, तेव्हा त्याच्या आजाराची लक्षणे बाळंतिणींसारखीच आहेत हे सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने ओळखले. शवागारातून थेट बाळंतिणीकडे येणारे हातच रोग आणत होते. मे 1847 मध्ये त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या, जूनमध्ये दोन. पुष्कळ वरिष्ठांनी त्याचे ऐकले नाही, आणि 1865 मध्ये त्याच शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला.

एकतीस वर्षे मी लेबर रूममध्ये काम केले. नव्या मुली यायच्या तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी कोपरापर्यंत हात धुवायला शिकवायची, बोटांच्या बेचक्यांत ब्रश फिरवून, नखे तपासून. आणि एखादी घाईने नळ बंद करू लागली की पुन्हा पहिल्यापासून. पाठ्यपुस्तकात सेमेलवाइसचे नाव दोन ओळींत येऊन गेले होते. त्या दोन ओळी जिथे घडल्या तिथे माझा मुलगा जाऊ शकतो, हे तुझी यादी वाचताना मनात आले आणि मग दुसरे काही सुचेना. तिथे पाहण्यासारखे फार नसेल. एखाद्या बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खा, आणि झाडे कसली आहेत ते पाहून ये.

संध्याकाळी एखाद्या जुन्या कॉफीगृहात बस. छोट्या धातूच्या तबकात कॉफी आणि पाण्याचा पेला येतो, पेल्यावर चमचा आडवा ठेवलेला असतो, आणि एका कपावर तासभर बसले तरी कोणी उठवत नाही. बिल आपणच मागायचे असते. मला पत्र तिथे बसूनच लिही.

एप्रिलमध्ये तिकडे वारा बोचरा असतो, तेव्हा मागच्या दिवाळीला विणलेला स्वेटर आणि कानटोपी घे. बाबांनी तुझी यादी छापून घेतली आहे आणि नकाशावर पेन्सिलने खुणा करत बसले आहेत. संगीतिकागृहात उभ्याने ऐकण्याची स्वस्त जागा मिळते ती चुकवू नये, असा त्यांचा निरोप आहे. गाडी पोहोचली की फोन कर.

तुझी,
आई