दार्जिलिंगच्या पुड्याविषयी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकूंच्या गुडघ्याला आता उतार पडला आहे हे वाचून फार बरे वाटले. पण त्याच पत्रात दार्जिलिंगच्या चहाविषयी तू जे लिहिले आहेस, ते वाचल्यापासून मला चैन पडलेले नाही. मी हौसेने आणलेला पुडा वहिनींनी उघडला, नेहमीप्रमाणे आधणात साखर, आले आणि दोन चमचे चहा घालून तो खळखळ उकळला, दूध घातले, रंग येईना म्हणून आणखी दोन चमचे टाकले, आणि एवढे करूनही चहा पाणचट लागला व जिभेवर नुसता कडवटपणा राहिला. यात वहिनींचे काहीच चुकले नाही आणि चहातही खोट नाही. चूक माझी आहे. पुडा हातात ठेवला आणि तो करायचा कसा, हे सांगितलेच नाही. ती उणीव या पत्राने भरून काढतो.

मूळ मुद्दा असा, की आपल्या घरात चहा 'उकळतात' आणि दार्जिलिंगचा चहा 'मुरवावा' लागतो. हा फरक पानाच्या घडणीतून आलेला आहे. काळा, हिरवा, पांढरा किंवा ऊलाँग, कोणताही चहा घेतला तरी झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य वाण दोन : लहान पानाचा चिनी आणि मोठ्या पानाचा आसामी. आसामातील सिंगफो लोक पूर्वीपासून चहा पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला त्याचा पत्ता लागला आणि पुढे तिथे मळे उभे राहिले. दार्जिलिंगला १८४१ मध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी आपल्या आवारात बी लावून पाहिले, आणि त्या थंड डोंगरउतारांवर चिनी वाण चांगला रुजला.

खुडलेले पान आधी कोमेजू देतात, मग वळतात. वळताना पानाच्या पेशी फुटतात, आतला रस हवेला लागतो आणि पान काळवंडू लागते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, तसेच. ही क्रिया पूर्ण होऊ दिली की काळा चहा, मध्येच थांबवली की ऊलाँग, आणि खुडल्याबरोबर उष्णता देऊन सुरूच होऊ दिली नाही की हिरवा. आपण जिला चहापूड म्हणतो, ती बहुतेक सीटीसी पद्धतीची असते. दात्यांच्या रुळांमध्ये पान चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे करणारे हे यंत्र १९३०च्या दशकात आसामात आले. दाण्यातली जवळजवळ प्रत्येक पेशी फुटलेली असल्यामुळे रंग आणि तुरटपणा आधणात झरझर उतरतो, आणि दुधातले केसीन हे प्रथिन त्या तुरटपणाला धरून ठेवते म्हणून तो घशाला बोचत नाही. आपला कडक चहा असा जमतो. या पुडीला उकळी सोसते. किंबहुना तिला ती हवीच असते.

तुझ्याकडचा पुडा अगदी वेगळा आहे. त्यावर 'फर्स्ट फ्लश' असे छापले आहे, म्हणजे हिवाळ्याच्या झोपेनंतर झुडपांना मार्च-एप्रिलमध्ये फुटलेले पहिले कोंब. ही पाने इतकी कोमेजवतात, की ती पुरती काळी पडूच शकत नाहीत, म्हणून पुड्यात तुला हिरवट छटा दिसली असेल. त्या चहात दाटपणा नसतोच. त्याचे सारे वैभव सुगंधात असते, आणि सुगंध म्हणजे उडून जाणारी द्रव्ये. खळखळ उकळताना ती वाफेबरोबर स्वयंपाकघरभर गेली, आल्याने आणि दुधाने उरलेसुरले झाकले, आणि चार चमचे पानांतला कडवटपणा तेवढा मागे राहिला.

आता कृती सांगतो. एका कपासाठी, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाण्यासाठी, अडीच ग्रॅम पाने घे. ही पाने फुगीर असतात, त्यामुळे चहाचा चमचा शीग लावूनच भरावा लागतो. पाणी ताजे असावे. सकाळी एकदा उकळून ठेवलेले पुन्हा तापवू नकोस. किटलीत किंवा झाकणाच्या भांड्यात आधी थोडे गरम पाणी खेळवून ते ओतून टाक, म्हणजे भांडे ऊब धरते. आधण आले की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांब. दार्जिलिंग गाव दोन हजार मीटरांहून उंच आहे आणि तिथे पाणी मुळातच ९३ अंशांच्या आसपास उकळते, तर तुमच्या सोलापुरात ते ९८ च्या पुढे जाते; म्हणून ही अर्ध्या मिनिटाची सवलत. मग पाने घाल, पाणी ओत, झाकण ठेव आणि घड्याळ लावून तीन मिनिटे थांब. ढवळू नकोस. तीन मिनिटे झाली की सगळाच्या सगळा चहा गाळून घे. थोडा भांड्यात राहिला तर तो पानांवर बसून कडू होत राहतो. रंग फिकट सोनेरी येईल. त्याला 'अजून झाला नाही' असे समजू नकोस. तो तेवढाच असतो. दूध नको आणि पहिल्या कपाला साखरही नको.

तिथल्या एका मळ्यात मी चव पाहण्याची खोली पाहिली, ती मनातून जात नाही. लांब टेबलावर झाकणाच्या पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकात तोलून घातलेली पाने, शेजारी घड्याळ. वेळ झाली की कप वाडग्यात आडवे करून चहा निथळून घेतात, आणि भिजलेली पाने झाकण उलटे करून त्यावर ठेवतात. चाखणारे गृहस्थ आधी ती पाने नाकाशी नेत आणि मग चमचाभर चहा सुर्रकन ओढत, कारण हवेबरोबर ओढल्याशिवाय वास टाळ्याच्या मागे पोहोचत नाही. त्यांनी मला झाकणावरचे एक पान उलगडून दाखवले. वाळल्यावर काडीसारखे दिसणारे ते तुकडे पाण्यात पुन्हा पूर्ण झाले होते : दोन कोवळी पाने, मध्ये एक कोंब, आणि कोंबावर बारीक पांढरी लव. तू गाळणीतला चोथा टाकण्यापूर्वी एकदा बशीत पसरून पाहा. यंत्राच्या दाण्यात हे कधीच दिसणार नाही.

पाण्याविषयी मात्र तुला नीट काळजी घ्यावी लागेल. तुमच्याकडचे बोअरचे पाणी दुष्फेन आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे चहावर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा धरतो, रंग गढूळ होतो आणि सुगंध दबतो. दुधाच्या चहात हे कळत नाही, कोऱ्या चहात लगेच कळते. नळाचे पाणी येते त्या दिवशी ते घे, किंवा फिल्टरचे घे. आणि पुडा मसाल्याच्या फळीवरून आजच हलव. चहाची पाने शेजारचा वास ओढून घेतात. हिंगाच्या डबीजवळ महिनाभर राहिलेला चहा मी एकदा प्यालो आहे, आणि तो शेवटी कुंड्यांत टाकावा लागला. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सर्वांत चांगला, काचेची बरणी नको.

तू हिरव्या चहाविषयी विचारले आहेस. बाजारातला हिरवा चहा कडू लागतो अशी सगळ्यांचीच तक्रार असते, आणि दहांतल्या नऊ वेळा कारण उकळते पाणी हेच असते. माझ्या घरी पाहुण्यांना जपानी सेंचा उकळत्या पाण्यात करून दिला होता, तेव्हा कोणी एका घोटापलीकडे गेले नाही. त्या पानाला सत्तर ते ऐंशी अंशांचे पाणी पुरते. थर्मामीटर नसेल तर तीन भांडी आधणाच्या पाण्यात एक भांडे साधे पाणी मिसळ, म्हणजे ते ऐंशीच्या जवळ येते. सेंचाला एक मिनिट, चिनी पद्धतीने कढईत भाजलेल्या पानांना दोन मिनिटे. जपानात पाने वाफवतात, म्हणून त्यांना समुद्री शेवाळासारखा वास असतो. चीनमधल्या लोंगजिंगला भाजलेल्या दाण्यांचा येतो. आपल्या देशात हिमाचलातल्या कांगड्याला हिरवा चहा होतो आणि तो फार सुरेख असतो. १९०५ च्या भूकंपाने तिथले मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले, त्यानंतर तो उद्योग पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. मिळाला तर जरूर घे.

ऊलाँग पुढच्या भेटीत मीच करून देईन, कारण तो एका कपाचा चहा नाही. लहान भांड्यात पाने जास्त, पाणी थोडे, वीस-तीस सेकंदांत गाळायचे, आणि त्याच पानांवर पाच-सहा वेळा पाणी ओतायचे. दर वेळी चव बदलत जाते. त्यातली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तैवानमधल्या एका प्रसिद्ध ऊलाँगला मधासारखा गंध येतो, कारण एक इवलासा हिरवा तुडतुडा कोवळी पाने शोषतो आणि झाड प्रतिकार म्हणून सुगंधी द्रव्ये तयार करते. दार्जिलिंगच्या मे-जूनच्या चहाला द्राक्षाच्या जातीचा जो वास असतो, त्यामागेही तशाच तुडतुड्यांचा हात आहे. कापसावरच्या तुडतुड्यांनी तुला आजवर केवळ त्रासच दिला, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

हे सगळे वाचून आपला चहा कमी प्रतीचा असे मात्र मनात आणू नकोस. काश्मिरात नून चहासाठी हिरवी पाने सोडा घालून तास-तासभर उकळतात, वरून थंड पाणी ओतून घोटतात, तेव्हा कुठे तो लाल रंग उतरतो आणि दूध पडताच गुलाबी होतो. पुण्यातल्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात दूध, साखर आणि वेलदोड्यासह जो चहा होतो, त्याला मी जगातल्या कोणत्याही चहाच्या बरोबरीने बसवीन. आपल्या चहाबाबत एवढेच सुचवतो : आले आधी पाण्यात चांगले उकळू द्यावे, कच्चे आले दुधात पडले तर दूध नासते, आणि गवती चहाची पात शेवटी टाकून वर झाकण ठेवावे, नाहीतर तिचाही वास उडून जातो.

तर काकूंचा सकाळचा आल्याचा चहा जसा आहे तसाच राहू दे, त्यांना हा फिकट चहा आवडणार नाही आणि आग्रहही करू नये. उरलेला पुडा तू आणि वहिनी मिळून दिवाळीच्या आत संपवा. हा चहा साठवून चांगला होत नाही. रविवारी दुपारी, जेवणानंतर तासाभराने, दोन कप कर : एक तीन मिनिटांचा, दुसरा पाच मिनिटांचा. दोन्ही जरा निवल्यावर चाखून पाहा आणि काय फरक जाणवला ते मला लिही.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र