स्प्रिंगवर बोटं ठेवायला लावणाऱ्या मिस्त्री आप्पांना

आप्पा, राम राम.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही पोऱ्याला चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहून, चारचौघांत. जळगावला अजिंठा चौफुलीजवळ नाव नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये असंही काम होतं, हे लोकांना कळू द्या.

तुमच्याआधी गाडी पाहिलेल्यांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. पुढून घूं असा आवाज, चाळिशीच्या पुढे वेगाबरोबर चढणारा, आणि डावं पुढचं टायर आतल्या काठानं खाल्लेलं. एवढं ऐकून एकानं चारही टायर बदलायला सांगितले. दुसऱ्यानं जॅकला हात न लावता "बेअरिंग गेलं, दोन्ही बाजूंची टाका" म्हणून अंदाजपत्रक लिहिलं. तिसऱ्यानं अलाइनमेंट करून, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवून, स्क्रीनवर हिरवे आकडे दाखवले. आकडे खोटे नव्हते. पण टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणाऱ्या सांध्यात, खेळ (ढिलेपणा) असताना केलेलं अलाइनमेंट गाडी मशीनवर उभी आहे तोवरच खरं. बाहेरच्या पहिल्या खड्ड्यात टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन, हलतो आणि टायर पुन्हा आतून खायला लागतं.

तुम्ही आधी किल्ली मागितली. नशिराबादच्या पुढे रस्ता मोकळा मिळाल्यावर रेडिओ बंद, काचा वर, वेग 60. न्यूट्रल केलं तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन सुटलं. स्टिअरिंग हलकं उजवीकडे घेतलं की गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला. डावीकडे घेतल्यावर दबला. संशय डाव्या बेअरिंगवर. डांबर संपून काँक्रीट लागलं तरी सूर तोच होता. टायरचा आवाज असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. पूर्ण वळणावर कटकट नव्हती, म्हणजे एक्सलचा जॉइंटही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ती गोष्ट. गाडी जॅकवर, खाली घोडी (लोखंडी टेकू) लावलेली. तुम्ही माझा हात धरून चाकामागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि म्हणालात, "आठे (इथं) बोटं ठेवा भाऊ. काय वाटस ते सांगा." दुसऱ्या हातानं चाक फिरवलंत. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर येत होती, जात्यात खडा आल्यासारखी. मग लगेच उजव्या बाजूला नेलंत. तिथली स्प्रिंग गप्प. "फरक कळना का?", कळला का, इतकंच विचारलंत. गिऱ्हाइकाच्या हाताला पटल्यावरच नटाला पाना लावायचा, हा रिवाज मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिलेला नाही. फसवायचं असतं त्याला हे परवडत नाही.

टायरचंही तसंच. तळहात खाचांवरून आतून बाहेर फिरवायला लावलात, मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवलं की करवतीसारखी धार. हे टो चुकल्याचं लक्षण. शॉकअप गेला असता तर टायरवर उंचवटे आणि खळगे पडले असते, आणि तसलं टायर हुबेहूब बेअरिंगसारखं घुमतं. हवा कमी असती तर दोन्ही काठ खाल्ले गेले असते, जास्त असती तर मधला पट्टा. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून. खेळ आडवाच निघाला. पोराला ब्रेक दाबून धरायला लावलात, तरी तो राहिला. म्हणजे तो बेअरिंगचा नव्हता, टाय रॉड एंडचा होता. दोन दुखणी वेगळी होती आणि सगळे त्यांना एकच समजून पैसे मागत होते.

काम करतानाचा तुमचा कडवेपणाही लिहून ठेवतो. बेअरिंग हातोड्यानं ठोकायचं नाही, प्रेसवरच. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या चाकामागच्या लोखंडी भागात, बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर दिला तर गोळ्यांचे वण उठतात आणि नवं बेअरिंग महिनाभरात घुमायला लागतं. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकीय पट्टी असलेली बाजू सेन्सरकडे, उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा. एक्सलचा नट नवा, टॉर्क पान्यानंच, आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन येऊ द्यायचं नाही. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टाय रॉड एंड बदलल्यावर. उजवं बेअरिंग चांगलं आहे म्हणून त्याला हात लावला नाहीत. काढलेलं बेअरिंग फडक्यात गुंडाळून मला दिलंत, न मागता.

हवेवरून तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की टायर फुटेल या भीतीनं लोक हवा कमी ठेवतात. उलट कमी हवेचं टायर जास्त दबतं, जास्त तापतं, आणि तेच फुटतं. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडाच खरा, तोही सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजलेला. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही. आतल्या काठावर खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की बाहेरून टायर कितीही चांगलं दिसो, ते संपलं. आणि हा आतला काठ उभ्यानं दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकावं लागतं.

चांगली माणसं दुर्मिळ झालीत असं म्हणतात. मला वाटतं ती आहेत, फक्त त्यांच्या शेडवर फलक नसतो आणि स्क्रीनही नसते.

शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासायला बोलावलंय, पैसे लागणार नाहीत असंही बजावलंय. येतो. येताना बामणोदकडची भरताची वांगी आणतो. त्यांना नाही म्हणू नका.

तुमचा,
एक यावलकर