डोळ्याची सूज उतरली म्हणजे बरी झाली असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोळा पुढे आला, पापणी सुजली की औषध जवळपास ठरलेले असते: अँटिबायोटिक आणि जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. चार दिवसांत सूज उतरते, घरचे निर्धास्त होतात. मी पॅथॉलॉजिस्ट. मला रुग्ण दिसत नाही, दिसते तपासणीचा तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मालिनची बाटली आणि तिच्यासोबतचा फॉर्म. त्या फॉर्मवर स्टेरॉइड दिल्याचा उल्लेख बहुतेक वेळा नसतो, म्हणून हे पत्र.

डोळ्याच्या खोबणीत जागा जेमतेम ३० मिलिलिटर. नेत्रगोल, स्नायू, नसा, अश्रुग्रंथी, चरबी सगळे तेवढ्यातच. आत काहीही वाढले तरी डोळा पुढेच येतो, मग तो थायरॉइडचा आजार असो, जंतुसंसर्ग असो, नुसता दाह असो की गाठ. स्टेरॉइडने दाह ओसरतो हे खरेच, पण लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, पेशीही स्टेरॉइडने मरतात. ‘गोळ्यांनी उतरली म्हणजे साधी सूज’ हे अनुमान त्यामुळेच फसवे.

मागे साठी उलटलेल्या एका बाईंच्या खोबणीतला बायोप्सीचा तुकडा आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. स्लाइडवर तंतू, विखुरलेल्या लिम्फोसाइट, त्यातल्याही बऱ्याच चिमट्याने चिरडलेल्या. पेशींचा प्रकार ओळखणारे इम्युनोचे मार्कर लावले, पण सगळ्या पेशी एकाच वंशाच्या आहेत का (तशा असतील तर लिम्फोमाची शंका), हे ठरवण्याइतक्या उरल्याच नव्हत्या. रिपोर्ट गेला ‘नॉनस्पेसिफिक क्रॉनिक इन्फ्लमेशन’, म्हणजे नेमके कारण न कळणारा जुना दाह. शंका आली म्हणून फोन केला, तेव्हा कळले की बायोप्सीआधी कित्येक आठवडे गोळ्या सुरू होत्या. गोळ्या थांबल्यावर सूज परतली आणि दुसऱ्या तुकड्यात लिम्फोमा निघाला. खोबणीतले बरेचसे लिम्फोमा संथ असतात, रेडिएशनला छान दबतात. म्हणजे भीती आजाराची कमी, मधे गेलेल्या महिन्यांची जास्त.

‘दुखते तो दाह, दुखत नाही ती गाठ’ हा ठोकताळाही सर्रास ऐकू येतो. अर्धा खरा आहे. दाह एकाएकी सुरू होतो, ठणकतो. लिम्फोमा न दुखता वाढतो. पण अश्रुग्रंथीचा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कर्करोग नसांच्या कडेने पसरतो आणि चांगलाच दुखतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ खोबणीत उतरली तर कधीकधी डोळा पुढे येण्याऐवजी आत ओढला जातो, आणि मग त्याला गाठ म्हणायचे कुणाला सुचतही नाही.

मुलांच्या बाबतीत मी जास्त हट्टी आहे. दहाच्या आतले मूल, काही दिवसांत झपाट्याने पुढे आलेला डोळा आणि ‘खेळताना लागलं असेल’ हे घरच्यांचे वाक्य. इथे ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांमधला झपाट्याने वाढणारा कर्करोग डोक्यात आलाच पाहिजे. तो वेळेवर सापडला तर केमोथेरपी आणि रेडिएशनने बहुतेक मुले वाचतात. रक्ताचा कर्करोगही कधीकधी आधी डोळ्यातच दिसतो. त्यासाठी सीबीसी आणि स्मिअर (रक्तपेशींची मोजणी आणि काचेवर पाहणी) कोणत्याही तालुक्याच्या गावी होतो. तो स्टेरॉइडचा पहिला डोस देण्याआधी करावा.

स्कॅनने पुष्कळ कळते. थायरॉइडच्या आजारात डोळा हलवणाऱ्या स्नायूचे पोट फुगते, टोकाचा कंडरा तसाच राहतो. स्नायूच्या दाहात कंडराही जाड होतो. लिम्फोमा मळलेल्या कणकेसारखा नेत्रगोलाला लगटून बसतो, हाड सहसा कुरतडत नाही. आपल्याकडे आणखी एक पाहुणा असतो, सिस्टिसर्कोसिस, म्हणजे पट्टकृमीच्या अळीचा संसर्ग: स्नायूत पाण्याची गाठ आणि तिच्यात अळीच्या डोक्याचा ठिपका. तो सोनोग्राफीतही दिसतो. एवढे करूनही दाह की लिम्फोमा, हे अनेकदा तुकडा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रत्येकाची बायोप्सी करा, असे मी म्हणत नाही. थायरॉइडचे चित्र स्पष्ट असेल, स्नायूचा दाह नमुनेदार असेल, किंवा गाठ पार मागे दृष्टीच्या नसेला खेटून असेल, तर निर्णय वेगळा आणि तो सर्जननेच घ्यायचा. वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात वर्ष-वर्ष न दुखता वाढणारी टणक गाठ तर तुकडा काढण्यासाठी कापूच नये. ती अश्रुग्रंथीची साधी (कर्करोग नसलेली) गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा असू शकते. आवरणासकट अख्खी निघाली नाही तर पुन्हा येते.

मधुमेही रुग्णाचा डोळा सुजला असेल, तर २०२१ मधली म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) लाट आठवावी. वाढलेली साखर आणि वर स्टेरॉइड, यातून काय होते ते महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आहे. तरीही चिठ्ठीशिवाय प्रेडनिसोलोन देणारे मेडिकल आजही सापडते.

माझे मागणे फार नाही. तपासणीच्या फॉर्मवर स्टेरॉइडचे नाव, डोस आणि शेवटची गोळी कधी घेतली हे लिहावे. रुग्णांनीही जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत, रिकामी पाकिटे आणली तरी चालेल. दृष्टी कमी होत असेल तर बायोप्सीची वाट बघत बसू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाशी फोनवर बोलावे. लिम्फोमाची शंका असेल तर सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवू नका. जिवंत पेशींच्या तपासणीसाठी थोडा भाग सलाईनमध्ये, बर्फावर, आधी फोन करून पाठवा. फक्त शनिवारी दुपारी नको, सोमवारपर्यंत त्या पेशी टिकत नाहीत.

— एक पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर