टाऊन हॉलमध्ये भेटलेल्या त्या दोघांचे मनापासून आभार

परवा पोरांना घेऊन कोल्हापुरातल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलो होतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेल्या सातवाहनकालीन वस्तू बघायच्या होत्या. धाकटी सहा वर्षांची. टाचा उंच करूनही तिला काचेतलं दिसेना. मी उचलून घेणार, तेवढ्यात एका ताईंनी कुठूनसं स्टूल आणून ठेवलं. कॉलेजात शिकत असाव्यात.

"या मडक्यातलं पाणी कोण प्यायचं?" लेकीनं विचारलं.

"तुझ्यासारखीच एक पोरगी. दोन हजार वर्षांपूर्वी, इथंच पंचगंगेकाठी."

मग त्या आपलं काम बाजूला ठेवून पाऊण तास आमच्यासोबत फिरल्या. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, त्याची एवढीशी कांस्यमूर्ती कोल्हापुरात कशी, तर रोमशी चालणाऱ्या व्यापारामुळं, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की थोरल्यानं घरी येऊन आजीला जसंच्या तसं ऐकवलं.

निघताना चित्रांची वही बागेतल्या बाकावर राहिली. एक वयस्कर काका ती घेऊन रस्त्यापर्यंत धावत आले. लेकीनं त्यात तेच मडकं काढलंय, काठावरच्या टवक्यासकट.

गडबडीत दोघांचीही नावं विचारायची राहिली. ताई, काका, तुमचे खूप खूप आभार.