महेश्वर शिबिर : शेवटची आठवण

मैत्रिणींनो,
आपल्या घरगुती उद्योगांसाठीच्या दोन दिवसांच्या शिबिराला शनिवारी सकाळी साडेसहाला इंदूरच्या राजवाड्यासमोरून बस सुटेल. महेश्वर ९० किलोमीटरच्या आसपास, वाटेत घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोहे-जिलेबीचा मोह पोहोचेपर्यंत आवरावा.

दुपारी मोबाईलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करू. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत होते. एजंट पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तोच फोन आणा. तो लेकाकडे ठेवून याल तर ओटीपी त्याच्याकडेच जाईल! मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळतं, त्याचे कागदही बघू.

संध्याकाळचं सत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवाळीचा फराळ असो की ब्लाऊजची शिलाई, भाव सांगताना आपला आवाज खाली जातो. तिथे प्रत्येकीने उभं राहून आपला दर सांगायचा. "द्या काय द्यायचं ते" हे वाक्य दोन दिवस बंद. कच्चा माल, गॅस आणि स्वतःचे तास मांडलेली वही आणा.

रविवारी पहाटे नर्मदेच्या घाटावर प्राणायाम, मग हातमागावर महेश्वरी साडी विणताना पाहू. अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांची ही कला. खरेदीला एकच तास, आधीच सांगते.

औषधं, शाल, टॉर्च विसरू नका. सासूबाईंना आणायचं असेल तर खुशाल आणा, फक्त गुरुवारपर्यंत कळवा.

– चिटणीस